राहेल नको, याएल नको

घरी आलेल्या कुत्रीला हिब्रू नाव द्यायचं, एवढ्यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. कोणतं द्यायचं, यावर माझी आई आणि माझी मुलगी यांच्यात जे बोलणं झालं ते लिहून ठेवावं असं मला वाटलं, कारण त्यात आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुदींच्या, नावांची जवळजवळ सगळी कहाणी येऊन गेली.

आम्ही दिमोनात राहतो. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातलं हे गाव 1955 साली वसलं. कोकणातून आणि मुंबईतून आलेली इतकी कुटुंबं इथे स्थिरावली आहेत, की बाजारात आजही मराठी कानावर पडते. आई मूळची रेवदंड्याची. 1964 साली ती इथे आली, तेव्हा तिला हिब्रू येत होती ती प्रार्थनेपुरती. मुलगी इथेच जन्मली आणि आता बीर शेवाच्या एका जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिला मराठी आजीकडून मिळाली, त्यामुळे हा वादही मराठीतच झाला.

कुत्री आली ती बेदुईन वस्तीच्या बाजूने. वाळूच्या रंगाची, उभ्या कानांची, शेपटी पाठीवर वळलेली. इकडे या जातीला कनानी म्हणतात. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांच्याच कुळातली. इथल्या कायद्याप्रमाणे कुत्र्याला कातडीखाली चिप बसवून घ्यावी लागते, दरवर्षी रेबीजची लस द्यावी लागते आणि नगरपालिकेच्या पशुवैद्याकडून परवाना काढावा लागतो. परवान्याच्या अर्जात नावाचा रकाना असतो. तो भरायची वेळ आली आणि बोलणं सुरू झालं.

नात: आजी, मी याएल लिहिते.

आजी: याएल? तंबूत शिरलेल्या सीसराला जिने ठार केलं ती याएल? तिच्या नावाची कुत्री?

नात: याएल म्हणजे रानबकरी. स्दे बोकेरच्या कड्यांवर उभ्या असतात त्या. नाव आधी जनावराचं, मग त्या बाईचं. दबोरा म्हणजे मधमाशी, सिप्पोरा म्हणजे पाखरू, योना म्हणजे पारवा, राहेल म्हणजे मेंढी. आपल्या थोर माणसांनी नावं घेतली ती जनावरांकडून. त्यातलं एक जनावराला परत दिलं तर कुणाचा अपमान झाला?

आजी: घेण्यात आणि देण्यात फरक आहे, बाळा. ज्या बापाचं घर मेंढ्यांवर चालत होतं त्याने मुलीला राहेल म्हटलं, म्हणजे तू माझ्या घरची बरकत आहेस असं म्हटलं. तू आता राहेल म्हणून कुत्रीला हाक मारशील तेव्हा तुझ्या मनात काय असेल?

नात: प्रेमच असेल.

आजी: असेल. पण राहेल तुझ्या पणजीचं नाव. तिच्या वर्षदिनाला मी दिवा लावते. त्याच नावाने तू अंगणातून ओरडणार, राहेल, खाली बस, राहेल, ते तोंडातून टाक. मला ते ऐकवणार नाही.

मुलगी गप्प झाली. पण पटल्यामुळे नाही, आजीचा आवाज बदलला म्हणून. इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. नावाबद्दल आईचं मन इतकं हळवं का, हे मुलीला पुरतं कळणं कठीण आहे. कोकणात आमच्या लोकांची हिब्रू भाषा गेली होती. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पोथ्या नव्हत्या, रब्बी नव्हते. शाब्बाथ राहिला, सुंता राहिली, शेमाची प्रार्थना राहिली आणि नावं राहिली. तीही मराठी अंगरखा घालून. 1796 साली मुंबईत आमच्या समाजाचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधणारे दिवेकर लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी होते; कागदावर सॅम्युएल इझिकिएल. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवर ते सिनेगॉग अजून उभं आहे. सामाजीच्या पोटात शमुवेल जपून ठेवला होता. ज्या माणसांकडे वारशाची एवढीच चिल्लर उरली होती, त्यांनी ती मुठीत घट्ट धरली तर नवल नाही.

आणि इथे आल्यावर काय झालं? 1962 पासून दोन वर्षं आमच्या लोकांच्या यहुदीपणावरच प्रश्न उभा केला गेला. लग्न लावायचं तर आजी-पणजीपर्यंतचं मूळ शोधा, असा आग्रह होता. आमचे लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असं स्पष्ट केलं. आईने विमानातून पाय खाली ठेवला तो त्याच वर्षी. आजी-पणजीचं नाव तिच्यासाठी वंशाचा पुरावा होतं. तो पुरावा कुत्रीच्या पट्ट्यावर लटकवायला ती तयार होणार नाही, आणि तिने होऊही नये, असं माझं मत आहे.

पण मुलीचं म्हणणंही पोकळ नव्हतं.

नात: तुझ्यासाठी हिब्रू सोवळ्यातली आहे, आजी. माझ्यासाठी नाही. मी हिच्यातच भाजी घेते, हिच्यातच भांडते, हिच्यातच स्वप्नं बघते. भाषा जिवंत झाली म्हणजे ती कुत्र्यामांजरांचीही झाली. फक्त देवाशी बोलायची राहिली असती तर ती मेलेलीच राहिली असती.

हे म्हणताना तिला ठाऊक नसेल, पण या भाषेच्या पुनर्जन्मात अगदी पहिल्यापासून एक कुत्रा आहे. हिब्रू पुन्हा बोलती करणारे एलिएझर बेन-येहुदा 1881 साली जेरुसलेमला आले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याच्या कानावर हिब्रूशिवाय दुसरा शब्द पडू द्यायचा नाही असा त्यांचा पण होता. हा मुलगा पुढे इतामार बेन-आवी म्हणून प्रसिद्ध पत्रकार झाला. लहानपणी त्याच्याशी हिब्रूत बोलणारं दुसरं मूल गावात नव्हतं. सोबतीला एक कुत्रा होता, त्याचं नाव माहेर, म्हणजे चपळ. पवित्र भाषा रस्त्यावर आणली म्हणून सनातनी लोक त्या घरावर चिडलेले होते, आणि त्यांच्या मुलांनी दगड मारून तो कुत्रा मारला, अशी आठवण सांगतात. एकट्या मुलाचा एकटा मित्र. हिब्रूत हाक मारली की धावत येणारा शतकानुशतकांतला कदाचित पहिलाच प्राणी, आणि त्याचा शेवट असा. ही गोष्ट मी शाळेत दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी वर्गातल्या एखाद्या मुलाचे डोळे भरतात.

घरी ती सांगितली तेव्हा आईने मान वर केली.

आजी: माहेर? अगं, मग तेच ठेवा ना! मराठीतही किती गोड.

नात: नाही चालणार. इथे माहेर म्हणजे लवकर, चटकन. ज्याला त्याला घाई करताना आपण तेच म्हणतो. दिवसातून पन्नासदा तिला वाटेल आपल्यालाच बोलावलं. नावाची हाक आणि आज्ञा वेगळी ऐकू आली पाहिजे. शिवाय ते कुत्र्याचं होतं, कुत्रीचं नाही.

आजी: बरं. पण एक सांग. तनाखमध्ये एवढी माणसं, एवढी जनावरं. बिलामाची गाढवीसुद्धा बोलते. एका तरी कुत्र्याला नाव आहे का?

नाही. एकालाही नाही. आईचं हे निरीक्षण अचूक आहे आणि मी शिकवत असूनही ते मला कधी सुचलं नव्हतं. तनाखमधला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, कुत्रा बहुतेक वेळा वेशीबाहेरचा, उकिरड्यावरचा. गल्याथ दावीदाला विचारतो, काठी घेऊन यायला मी कुत्रा आहे का. ईजबेल राणीचं प्रेत कुत्री खातात, तसं एलियाहू संदेष्ट्याने आधीच सांगितलेलं असतं. मिश्नामध्ये तर कुत्रा पाळायचाच असेल तर साखळीने बांधून पाळावा असं म्हटलं आहे. आईच्या पिढीला कुत्रा उंबऱ्याच्या आत नको वाटतो, त्याची मुळं कोकणातल्या अंगणात आहेत तशी इथेही आहेत.

याची दुसरी बाजू मात्र आईनेच सांगितली, आणि ती पेसाहच्या सणाची सांगितली. मिसरातून निघण्याच्या रात्री इस्राएलाच्या लेकरांवर एकही कुत्रा भुंकला नाही, असं निर्गमात लिहिलं आहे. पुढे त्याच ग्रंथात आज्ञा येते, की रानात फाडलेल्या जनावराचं मांस तुम्ही खाऊ नका, ते कुत्र्यापुढे टाका. जाणते म्हणतात, त्या रात्रीच्या मौनाचं ते बक्षीस आहे. उपकार कुत्र्याचे असले तरी फेडायचे, असा त्याचा अर्थ. आणि आई हे नुसतं सांगत नाही. जनावराला घातल्याशिवाय आपण तोंडात घास घालू नये, हा तालमूदचा नियम ती रोज पाळते. ज्या कुत्रीला राहेल म्हणायला तिचा जीव धजत नाही, तिचा वाडगा ती स्वतःच्या ताटाआधी भरते. पेसाहच्या आठवड्यात घरात हामेत्स, म्हणजे आंबवलेलं धान्य, चालत नाही, म्हणून कुत्रीचं खाणंही तिने बदलायला लावलं.

आजी: शाब्बाथ तिलाही आहे. तुझ्या खापरपणजोबांचा घाणा शनिवारी बंद असायचा, तेव्हा बैलही सुटायचा.

नात: त्या बैलाला नाव होतं?

आजी: होतं तर. एक पवळ्या, त्याच्याआधी ढवळ्या. गाय कपिला. मांजर ठिपकी. जनावर दिसायचं कसं, त्यावर नाव. शमुवेल आणि राहेल माणसांत, ढवळ्या आणि पवळ्या गोठ्यात. कुणी कुणाला कमी लेखत नव्हतं. बैल मेला तेव्हा त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.

वादाला खरं वळण इथे मिळालं. तोवर आई फक्त नको म्हणत होती; आता तिने हवं काय ते सांगितलं. जनावराकडे नीट बघा आणि जे दिसतं ते नाव द्या. कोकणातल्या शेतकऱ्याची ही रीत. ती हिब्रूत आणायला काहीच अडचण नाही.

हिब्रूतही असं झालेलं आहेच. रुडॉल्फिना मेन्झेल या विएन्नात जन्मलेल्या श्वानतज्ज्ञ बाई 1938 साली इकडे आल्या. राखणीसाठी आणि सैन्यासाठी कुत्री तयार करायची होती, पण युरोपातल्या जातींना इथलं ऊन सोसत नव्हतं. त्यांचं लक्ष वाळवंटातल्या मोकाट कुत्र्यांकडे गेलं. ऊन, तहान आणि लांडगे यांतून शतकानुशतकं निभावून आलेली ही कुत्री त्यांनी पकडली, माणसाळवली, शिकवली. त्यातूनच आजची कनानी जात उभी राहिली आणि 1966 साली तिला आंतरराष्ट्रीय श्वानसंस्थेची मान्यता मिळाली. मेन्झेलबाईंनी पकडलेल्या पहिल्या मोठ्या कुत्र्याचं नाव दुग्मा, म्हणजे नमुना. तो हाती लागायला कित्येक महिने गेले, पण हाती लागल्यावर थोड्याच दिवसांत तो माणसांत रमला. हे नाव मला कोरडं वाटतं. इतकी वाट पाहायला लावणाऱ्या प्राण्याला काहीतरी मायेचं नाव हवं होतं.

कुत्रीच्या हिब्रू नावांत सगळ्यात गाजलेलं नाव अजीत. मोट्टा गूर यांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींची ही नायिका विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारी अल्सेशियन कुत्री आहे. गूर म्हणजे 1967 साली जेरुसलेममध्ये छत्रीधारी सैनिकांचे सेनानी, पुढे लष्करप्रमुख. 1972 साली तिच्यावर चित्रपट निघाला. नावात ताकद आहे आणि शेवटी तो ‘इत’ आहे ज्याने हिब्रूत नाव लगेच स्त्रीलिंगी होतं. मुलीला हे नाव सुचवलं तर ती म्हणाली, दवाखान्यात आधीच्या पिढीच्या अजीत फार येऊन गेल्या, आणि हिला उडी मारायची नाही, हिला सावलीत झोपायचं आहे. डेव्हिड ग्रॉसमन यांच्या 2000 साली आलेल्या कादंबरीत दिन्का नावाची कुत्री एका मुलाला दोरीने ओढत जेरुसलेमभर नेते आणि आपल्या हरवलेल्या मालकिणीपर्यंत पोहोचवते. दिन्का हे मला फार आवडतं; पण ते एका पुस्तकातल्या कुत्रीचं आहे, आणि आमची कुत्री तिची नक्कल नाही.

एक गोष्ट मात्र मी दोघींना आग्रहाने सांगितली. शमुवेल योसेफ अग्नोन यांच्या 1945 च्या मोठ्या कादंबरीत बालाक नावाचा कुत्रा आहे. रंगारी इत्सहाक कुमेर हातात कुंचला असताना सहज, विचार न करता, एका भटक्या कुत्र्याच्या पाठीवर हिब्रूत दोन शब्द रंगवतो: वेडा कुत्रा. बस्स. ज्याला ज्याला वाचता येतं तो तो त्या कुत्र्याला हाकलतो. जिथे हिब्रू वाचणारे नाहीत तेवढ्याच मोहल्ल्यांत त्याला थारा मिळतो. आपल्याला का मारतात हे त्याला कळत नाही, कारण पाठीवर काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही. उपाशी, तहानलेला, शोधत शोधत तो खरंच पिसाळतो आणि शेवटी कुमेरलाच चावतो, आणि कुमेर त्यात मरतो. अग्नोन यांना 1966 साली नोबेल मिळालं, ते अनेक पुस्तकांमुळे. पण मला विचाराल तर बालाकच्या प्रकरणांएवढं प्राण्याच्या आतून लिहिलेलं हिब्रूत दुसरं नाही. कुत्र्यावर आपण जे अक्षर लिहितो ते तो वाचू शकत नाही, ते वाचतात बाकीचे. म्हणून ते लिहिताना आपणच दोनदा विचार करायला हवा.

नात: म्हणजे माणसाचं नाव दिलं तर लोक हसतील आणि भोगेल ती, असंच ना?

आजी: मी कधीपासून तेच सांगतेय. तू विद्वानांचं ऐकतेस, माझं नाही.

नात: पण आजी, उलटंही असतं. नाव दिल्यानेच कुणी जवळचं होतं. बिननावाच्या कुत्र्यांना दवाखान्यात कोण विचारतं?

ती हे बोलली तेव्हा मला एमानुएल लेव्हिनास आठवले. फ्रेंच सैन्यातले यहुदी युद्धकैदी म्हणून ते जर्मनीतल्या छावणीत होते. जंगलात लाकडं तोडायची, रांगेने परत यायचं. वाटेवरची माणसं त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहत नसत. काही आठवडे एक भटका कुत्रा तिथे आला. सकाळी रांग लागताना आणि संध्याकाळी परतताना तो उड्या मारत, आनंदाने भुंकत त्यांचं स्वागत करी. कैद्यांनी त्याचं नाव बॉबी ठेवलं. पुढे पहारेकऱ्यांनी त्याला हाकललं. तीसेक वर्षांनी, 1975 साली, लेव्हिनास यांनी त्याच्यावर लेख लिहिला आणि त्याची सुरुवात केली ती निर्गमातल्या त्याच आज्ञेपासून, कुत्र्यापुढे मांस टाकण्याच्या. ज्यांच्याकडून माणूसपण काढून घेतलं होतं त्यांच्याकडे एका कुत्र्याला द्यायला नाव शिल्लक होतं. ते देणं ही कृतज्ञता होती. मुलगी म्हणत होती ते हेच, आणि आई रोज वाडगा भरते तेव्हा करते तेही हेच.

मग यादी निघाली. कुत्रीला शिकवायच्या दृष्टीने नाव कसं असावं हे मुलीला पक्कं ठाऊक आहे: दोन तुकड्यांत तुटणारं, तोंडात पटकन बसणारं आणि रोजच्या आज्ञांशी गोंधळ न करणारं. हिब्रूत कुत्रीशी स्त्रीलिंगात बोलतात. बस म्हणायचं तर श्वी, ये म्हणायचं तर बोई, जमिनीवर आडवी हो म्हणायचं तर आर्त्सा, आणि नको म्हणायचं तर लो. नोई हे नाव सुंदर, पण बोईसारखं ऐकू येतं. बदामावरून शाकेद, तिच्या रंगाला अगदी शोभणारं, पण सुरुवात श्वीच्या जवळची. अंजीर म्हणजे तेएना, आईला आवडलं, मुलीला लांब वाटलं. मध म्हणजे देवाश. तो शब्द हिब्रूत पुल्लिंगी, मुलीला ते खटकलं. लोतेम हे डोंगरातलं पांढऱ्या-गुलाबी फुलांचं झुडूप, पण नावाच्या तोंडीच लो, म्हणजे प्रत्येक हाकेला कुत्रीला आधी नकार ऐकू येणार.

नात: मग रोतेम?

रोतेम हे नेगेवचं झुडूप. वाळूच्या ओढ्यांतून उगवतं, पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या राखाडी-हिरव्या काड्या. आणि हिवाळा सरताना त्याच काड्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. मुळं खोल जातात. त्याच्या लाकडाचे निखारे फार वेळ धगधगतात म्हणून तेहिलीममध्ये, म्हणजे स्तोत्रांतही, त्याचा उल्लेख आहे. दिमोनाजवळच्या पठाराचं नावही त्याच्यावरून पडलेलं. पण आईला हे काही सांगावं लागलं नाही.

आजी: एलियाहू हन्नाबी बीर शेवाच्या पुढे रानात एक दिवस चालला आणि रोतेमखाली जाऊन पडला. देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. झोप लागली. दूताने हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई होती. त्याच झाडाखाली ना?

नात: त्याच.

बेने इस्राएल घरात एलियाहू हन्नाबीचं नाव निघालं की सूर बदलतो. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानतात. नवस फेडायला, शुभकार्याला आम्ही त्याच्या नावाने मलिदा करतो: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. आणि तालमूदमध्ये एक वचन आहे, की कुत्री रडतात तेव्हा मृत्यूचा दूत गावात आलेला असतो आणि कुत्री खेळतात तेव्हा एलियाहू आलेला असतो. कुत्र्याचं रडणं आमच्या कोकणातही अशुभच. त्या वचनाला पुढे एक अट जोडली आहे: त्या कुत्र्यांत मादी नसेल तरच हे खरं, कारण मादी असली तर ती आपली तिच्यामुळे खेळतात. मुलीला ही अट मुळीच आवडली नाही. आई म्हणाली, ऋषींनी अंगणातली कुत्री नीट पाहिली होती एवढंच यावरून कळतं.

अडचण एकच राहिली. रोतेम हे इथे माणसांचंही नाव आहे, मुलाचं आणि मुलीचंही. मुलीच्या वर्गात दोन रोतेम होत्या. मग राहेलला हरकत आणि रोतेमला नाही, हे कसं?

आजी: त्या मुलींची नावं झुडपावरून पडली, हिचंही झुडपावरून पडेल. झुडूप सगळ्यांचं आहे. माझी आई सगळ्यांची नाही. आणि आपल्या जिन्यात रोतेम कुणी नाही ना, एवढं बघ. हिला हाक मारली आणि शेजारची पोर वळली, असं व्हायला नको.

नात: मला अजून वाटतं याएलमध्ये काही गैर नव्हतं.

आजी: वाटू दे.

तिचं हे मत आजही तसंच आहे आणि मी ते बदलायला गेले नाही. माझा निवाडा आईच्या बाजूने आहे. कुत्रीला हिब्रू नाव द्यायचं तर ते जमिनीतून घ्यावं, रंगातून, झाडातून, वाऱ्यातून. ज्या नावाने कुणी दिवा लावतं किंवा हाकेच्या अंतरावर कुणी ओ देतं, ते घेऊ नये. परवान्यावर रोतेम लिहिलं गेलं. चौथ्या दिवशी ती त्या नावाला ओळखायला लागली.

महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी कुणाला घरच्या कुत्रीला हिब्रू नाव ठेवायची हौस असेल तर त्यांना माझी एक विनंती आहे. ठाण्यात, पेणला, अलिबागेत, रेवदंड्यात आमची माणसं अजून राहतात, आणि राहेल, सारा, रिबका, रूथ ही त्यांच्या घरातली जिवंत बायकांची नावं आहेत. ती त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्हाला रोतेम घ्या, तेएना घ्या, शाकेद घ्या. ही नावं वापरायला कुणाचीही परवानगी लागत नाही.